चाळीस बिल्ले, एकोणचाळीस काठ्या

आजच्या समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष, म्हणजे आपल्या राष्ट्रीय उद्यानाच्या देखरेख समितीचे अध्यक्षसाहेब. त्यांच्या शेजारी बसलेले उद्यानाचे मोठे साहेब. ज्यांच्यासाठी आपण जमलो ते सत्कारमूर्ती, आमचे हळूमामा. त्यांच्या बाजूला अवघडून बसलेल्या मामी. समोर खुर्च्यांवर बसलेले पाहुणे. आणि खुर्च्या कमी पडल्या म्हणून भिंतीला टेकून उभे असलेले सगळे वाटाडे, होडीवाले आणि झाडलोट करणाऱ्या बाया, तुम्हां सगळ्यांना माझा नमस्कार.

कमी पडल्या म्हणजे काय, खुर्च्या मागच्या खोलीत एकावर एक रचून ठेवल्यात. सकाळी मीच पुसल्या. पण ते असो.

पाहुण्यांपैकी जे मला ओळखत नाहीत त्यांना सांगते. उद्यानाच्या नाक्यावर खिडकीत बसून बिल्ले देणारी बाई ती मी. शाळेत दोन वर्षं गेले, तिसऱ्या वर्षी पाठीवर धाकटा भाऊ आला आणि शाळा सुटली. वाचता येतं, पण बोट ठेवून. तुम्ही एक पान उलटता तेवढ्यात माझी एक ओळ होते. आकडे मात्र मला कोणी शिकवायची गरज नाही. आकड्यांवरच माझी एकवीस वर्षं गेलीत.

मला दोन मिनिटं दिलेली आहेत. कार्यालयातल्या कारकूनभाऊंनी भाषणसुद्धा लिहून दिलं होतं, टाइप करून, अर्धं पान. त्यात मामा 'शिस्तप्रिय' होते, 'मनमिळाऊ' होते, आणि 'प्रकृतीच्या कारणास्तव' निवृत्त होत होते. मी सुनेला म्हटलं, हे वाच. तिने वाचलं आणि म्हणाली, "सासूबाई, हे मामांबद्दल आहे की कोणी वारलंय?" मग तो कागद मी चुलीपाशी ठेवला आणि तिला म्हटलं, मी बोलते, तू लिही. तीन संध्याकाळी बसलो. मध्ये मध्ये ती म्हणायची, "हा शब्द भाषणात चालत नाही." मी म्हटलं, चालत नसेल तर काढ. तेव्हा जे शब्द उरलेत ते चालणारे आहेत असं समजा.

मामा, हात खाली करा. मला दिसतंय.

पाहुण्यांना कळणार नाही म्हणून सांगते. मामा पंजा असा जमिनीकडे करून हलवताहेत. म्हणजे 'हळू'. एकतीस वर्षं जंगलाच्या वाटेवर हा माणूस लोकांना हेच सांगत आला. हळू चाला, हळू बोला, दगड ओला आहे, हळू. हरिण दिसलं तरी हळू, अस्वलाचं पाऊल दिसलं तरी हळू. म्हणून नाव पडलं हळूमामा. स्वतःच्या लग्नात मुलीकडच्यांना वाट बघायला लावली, असं मामीच सांगतात. हो की नाही हो मामी? हसल्या बघा. आल्यापासून पहिल्यांदा हसल्या.

आता आमच्या कामाची पद्धत सांगते. ती कळल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

नाक्यावर माझ्या खिडकीशेजारी लाकडी फळा आहे. त्याला खिळे आहेत, खिळ्यांना पत्र्याचे बिल्ले, बिल्ल्यांवर आकडे. धबधब्याच्या वाटेने चालायला जाणारा प्रत्येक माणूस एक बिल्ला गळ्यात घालतो. परत आला की ज्या खिळ्याचा बिल्ला त्याच खिळ्याला तो स्वतःच्या हाताने टांगतो. स्वतःच्या हाताने. नवऱ्याचा बायकोने टांगायचा नाही, आईचा लेकाने टांगायचा नाही. मोठ्या मोठ्या लोकांना मी या खिडकीतून परत पाठवलंय की जा, पोराला घेऊन या, त्याचा तो टांगेल. शिव्या खाल्ल्यात. वाटाड्यांचेही बिल्ले असतात. मामांचा एक नंबर. आणि नियम असा की एक जरी खिळा रिकामा असेल तरी नाक्याचा दांडा पाडायचा नाही. कारण रिकामा खिळा म्हणजे आत माणूस आहे.

बिल्ले मी देते. काठ्या मामा देतात. त्यांनीच तोडलेल्या, तासलेल्या, पिंपात उभ्या केलेल्या. उतारावर लागतात. बाईची उंची बघून काठी काढून देतात, न विचारता. एवढीच आमची व्यवस्था. हिला यंत्र लागत नाही, वीज लागत नाही, आणि एकवीस वर्षांत हिने एक माणूस हरवला नाही.

हरवला तो चार महिन्यांपूर्वी. मी हरवला.

साहेब, तुम्ही घड्याळ बघा, माझी हरकत नाही. पण बसा.

त्या दिवशी दोन बसगाड्या भरून लोक आले. चाळीस माणसं. बारा जणांमागे एक वाटाड्या हा कागदावरचा नियम आहे, मी नाही केलेला. म्हणजे चार वाटाडे हवेत. पण वरच्या टेकाडावर फोटो काढायचा नवा कठडा झाला होता, संध्याकाळी त्याचं उद्घाटन होतं, आणि बाकीचे वाटाडे तिकडे खुर्च्या वाहायला नेलेले. बघा, खुर्च्यांचं आपल्याकडे नेहमीच काहीतरी असतं. तेव्हा चाळीस माणसांमागे मामा एकटे. त्यातही मामांची सवय सगळ्यांच्या मागे चालायची, म्हणजे कोणी मागे राहत नाही. पण नवा हुकूम निघालेला होता की वाटाड्याने झेंडा घेऊन पुढे चालायचं, फोटो चांगले येतात. मामा गेले झेंडा घेऊन पुढे. तोंड एवढंसं झालं होतं.

धबधब्यापाशी मामांनी माणसं मोजली. चाळीस. परतताना ओढ्यावरच्या पुलापाशी धुकं उतरलं. चार वाजले असतील. रांग लांबली, पुढचा मागच्याला दिसेना. नाक्यावर दोन्ही बसवाले हॉर्न वाजवत होते, कारण लोकांना तलावावर होडीत बसून सूर्यास्त बघायचा होता. धुक्यात कसला सूर्यास्त? पण कार्यक्रमपत्रिकेत होता.

तेव्हा मोठे साहेब माझ्या खिडकीशी आले. म्हणाले, "मावशी, एकेकाने टांगत बसले तर तासभर जाईल. टोपली घेऊन बसच्या दारात उभ्या राहा. बिल्ले गोळा करा, मग तुमचे तुम्ही टांगा."

मी म्हटलं, "साहेब, ज्याचा त्याने टांगायचा असतो."

साहेब म्हणाले, "एक दिवस काही होत नाही."

मी उभी राहिले. टोपली घेऊन. मला कोणी दोरीने बांधून नाही नेलं. माझ्या पायांनी गेले आणि बसच्या दारात भिकारणीसारखी टोपली धरून उभी राहिले. लोक बिल्ले टाकत होते, गप्पा मारत चढत होते, माझ्याकडे कोणी बघत नव्हतं, मी कोणाकडे बघत नव्हते. पत्रा पत्र्यावर पडल्याचा आवाज तेवढा ऐकत होते.

टोपलीत चाळीस बिल्ले आले. मी ते फळ्यावर टांगले. फळा भरला. गाड्या गेल्या. साहेबांनी दांडा पाडला.

आता काय झालं होतं ते ऐका. त्या चाळिसांत दोघी बहिणी होत्या. थोरल्या आजी, डोक्यावर पांढरी टोपी, बारीक अंगाच्या. बिल्ल्याची दोरी त्यांच्या मानेला टोचत होती म्हणून त्यांनी तो धाकटीकडे दिला, पर्समध्ये ठेव म्हणून. परतताना ओढ्यावरच्या लाकडी पुलापाशी आजी बुटातला खडा काढायला थांबल्या. बहीण बोलत बोलत पुढे गेली, धुक्यात तिला पत्ता नाही. तिला वाटलं, ताई दुसऱ्या बसमध्ये बसली असेल. आणि तिने टोपलीत दोन बिल्ले टाकले. आपला आणि ताईचा. माझ्या नाकासमोर. स्वतःच्या हाताने टांगायला लावलं असतं तर एका हातात दोन बिल्ले मला दिसले नसते का? आंधळी आहे का मी?

इकडे मामा पिंपात काठ्या लावत होते. मोजल्या. परत मोजल्या. मग माझ्या खिडकीशी येऊन म्हणाले, "बिल्लेवाले, काठ्या एकोणचाळीस आहेत गं."

साहेब शेजारीच उभे होते. म्हणाले, "टाकली असेल कोणीतरी वाटेत."

मामा म्हणाले, "साहेब, पुलापर्यंत सगळ्यांच्या हातात काठ्या मी बघितल्यात. उतार पुलाच्या पुढे आहे. उताराच्या तोंडाशी काठी कोण टाकेल?"

"फळा भरलाय, मामा. फळा बघा ना."

मग मामांनी मला विचारलं. साहेबांना नाही, मला. "सगळ्यांनी आपापल्या हाताने टांगले ना?"

अध्यक्षसाहेब, या प्रश्नासाठी मी आज इथे उभी आहे. बाकीचं सगळं बाजूला ठेवा. त्या प्रश्नाला मी 'हो' म्हणाले.

साहेब बघत होते म्हणून म्हणाले. आठ दिवसांत माझ्या कामाची मुदत वाढायची होती, म्हणून म्हणाले. घाबरले म्हणून म्हणाले. आणि मामांनी माझ्यावर विश्वास ठेवला. एकवीस वर्षांत माझा फळा कधी चुकला नव्हता, का नाही ठेवणार? बाकावर जाऊन बसले. चहा घेतला. अर्धा तास. त्या अर्ध्या तासात एक म्हातारी बाई घोट्यातून पाय मोडून ओढ्याच्या कडेला गार पाण्यात पाय सोडून बसली होती, आणि हाका मारून तिचा आवाज बसला होता. तो अर्धा तास मी दिलेला आहे. कोणाच्या नावावर लिहायचा तर माझ्या नावावर लिहा.

मामांचा चहा संपेना. पिंपाकडे बघायचे, फळ्याकडे बघायचे. शेवटी उठले. "काठी आणतो," म्हणाले.

साहेब म्हणाले, "दांडा पडलाय. फळा भरला की जंगल बंद. आता आत जाता येणार नाही, नियम आहे."

मग या माणसाने काय केलं ते ऐका, कारण हे कुठल्याच कागदात लिहिलेलं नाही. मामा फळ्यापाशी गेले. स्वतःचा एक नंबरचा बिल्ला खिळ्यावरून काढला, गळ्यात घातला आणि म्हणाले, "साहेब, आता नाही भरलेला." आणि दांड्याखालून वाकून आत गेले.

हळू नाही गेले. एकवीस वर्षांत पहिल्यांदा मी मामांना पळताना पाहिलं.

अंधार पडायच्या आत परत आले. पाठीवर आजी, आजींच्या हातात काठी, ती चाळिसावी, सोडायला तयार नव्हत्या. मामांचे गुडघे सोलवटलेले. मला म्हणाले, "रुग्णवाहिकेला फोन कर, आणि गरम पाणी आण." एवढंच. माझ्याकडे बघितलं, पण 'का गं' म्हणून विचारलं नाही. चार महिने झाले, अजून विचारलेलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. मी आज एवढं ओरडले नसते.

त्या वेळी धाकटी बहीण तलावावर होडीत बसून फोटो काढत होती.

आता पुढचं. आठ दिवसांनी कारकूनभाऊ कागद घेऊन आले. "मावशी, इथे सही." खिडकीपुढे रांग लागलेली. मी म्हटलं, कशाचा कागद? म्हणाले, "नेहमीचाच." मी सही केली. माझी सही करायला मला कागद वाचायला लागतो त्याचा दहावा हिस्सा वेळ लागतो. त्या कागदाची एक प्रत त्यांनी माझ्याच खोलीत खिळ्याला अडकवली. चार महिने लटकत होती तिथे. तिच्यावरची धूळ मी नेमाने झटकत होते. गेल्या आठवड्यात सून डबा घेऊन आली, तिला म्हटलं, काढ गं तो कागद, वाच.

सुनेने वाचलं ते असं. परतीच्या वेळी वाटाड्याने मोजणी करण्यात हलगर्जी केली. सर्व बिल्ले नियमाप्रमाणे जमा झाले होते. वाटाड्याने उद्यान बंद झाल्यावर विनापरवाना प्रवेश केला. त्यामुळे त्याचा परवाना वाढवू नये, आणि नव्या वाटाड्यांना शिकवण्याचं जे काम त्याला द्यायचं ठरलं होतं ते देऊ नये.

खाली सही माझी.

सुनेने कागद खाली ठेवला. मग म्हणाली, "सासूबाई, तुम्ही मामांना घालवलंत."

हो. घालवलं.

म्हणजे आज आपण हा निरोप देतोय तो प्रकृतीच्या कारणास्तव नाही. मामांची प्रकृती ठणठणीत आहे, एक आख्खी बाई पाठीवर घेऊन उतार उतरलेत ते. आज गुच्छ आहे, चहा आहे, बिस्किटं आहेत, चार भाषणं झाली. साहेबांनी आत्ताच सांगितलं की मामा म्हणजे या जंगलाचा चालताबोलता इतिहास. मग साहेब, इतिहासाला घरी का पाठवताय? आणि हे जे मागे नवे वाटाडे उभे आहेत, यांना कोण शिकवणार? उताराच्या तोंडाशी काठी कोणी टाकत नाही, हे यांना कोण सांगणार? कठडा सांगणार का?

ओरडते आहे, मला कळतंय. माइक आहे हेही कळतंय.

आणि तुम्ही, भिंतीला टेकलेले. तुम्हांला सगळ्यांना माहीत होतं. होडीवाल्यांना माहीत होतं, झाडूवाल्यांना माहीत होतं. चहाच्या टपरीवर चार महिने कुजबुज चालली आहे, आणि मी गेले की थांबते. एकानेही माझ्या तोंडावर येऊन म्हटलं नाही की बाई, तू खोटं बोललीस. तुम्हांला माझी दया आली असेल. मला नको होती. मामांची यायला हवी होती.

आजींचा मागच्या महिन्यात नाक्यावर फोन आला. म्हणाल्या, "पाय जुळला. काठी परत पाठवायची राहिली, पाठवू का?" मी म्हटलं, राहू द्या, लागेल. मग त्यांनी विचारलं, "त्या काकांचं कसं आहे?" मी म्हटलं, बरं आहे. बघा, पुन्हा खोटं बोलले. सवय लागते.

तर अध्यक्षसाहेब, माझं मागणं थोडकं आहे. त्या कागदावरची माझी सही मी या सभागृहात, या सगळ्यांच्या देखत, मागे घेते. दुसरा कागद सुनेने लिहिलाय, त्यात टोपली आहे, 'हो' आहे आणि अर्धा तास आहे. तो मी तिच्याकडून तीनदा वाचून घेतला, मग सही केली. तो तुमच्या हातात देते. मोठ्या साहेबांच्या हातात देत नाही, त्याबद्दल त्यांनी रागावू नये, किंवा रागवावं. समिती बसवा, मला बोलवा, आजींना बोलवा, साहेबांना विचारा टोपली कोणी आणायला सांगितली. माझी खिडकी गेली तर गेली. मामांचं शिकवायचं काम त्यांना परत मिळालं पाहिजे.

आणि एक राहिलं. टेबलावर ती रंगीत कागदात गुंडाळलेली चौकट आहे ना, साहेब आता ती मामांना भेट देणार आहेत. आत मामांचा एक नंबरचा बिल्ला काचेत बसवलेला आहे, असं निमंत्रणपत्रिकेत लिहिलंय. काल ती चौकट कारकूनभाऊंनी पुसायला आणि गुंडाळायला माझ्याकडेच दिली. उघडून बघा. रिकामी आहे. काच छान पुसलीय मी.

बिल्ला माझ्याकडे आहे. हा.

मामा, या इकडे. अहो, पायऱ्या ओल्या नाहीत, या. घाला गळ्यात. हा भिंतीवर लावायचा नाही आणि मी माझ्या हाताने फळ्यावर टांगायची नाही, एकदा टांगायचे तेवढे टांगून बसले. त्या कागदातून तुम्ही बाहेर आलात की तुम्ही या आणि तुमच्या हाताने टांगा. तोवर पहिला खिळा रिकामा राहील. आणि खिळा रिकामा असला की दांडा पडत नाही, हा नियम माझा नाही, उद्यानाचा आहे. उद्या संध्याकाळी साहेब विचारतील, मावशी, फळा भरला का? मी सांगेन, नाही साहेब, एक माणूस अजून आत आहे.

आपण सगळ्यांनी ऐकून घेतलंत, माइक बंद केला नाहीत, त्याबद्दल मी आभारी आहे. माझ्या सुनेचे आभार, तिने तीन दिवस हात दुखेपर्यंत लिहिलं. मामींचे आभार, चार महिने त्या माझ्याशी बोलल्या नाहीत तरी सकाळी नाक्यावरून जाताना थांबून माझ्या खिडकीत बघत होत्या. मला शिकलेल्यांसारखं बोलता येत नाही. या भाषणात जे चुकलं असेल ते पोटात घाला. त्या दिवशी जे चुकलं ते मात्र कोणी पोटात घालू नका.